मुलांच्या कार्यक्रमांतली मोठी माणसे कुठे गेली?

बालवाडी शिक्षिका, मालवण

मालवणजवळच्या एका गावात मी गेली १९ वर्षे बालवाडीत शिकवते. सुरुवातीच्या काळात खेळ मांडला की दुकानातला वाणी कोण होणार, एसटीचा कंडक्टर कोण होणार आणि रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, तांडेल (म्होरक्या) कोण होणार यावरून मुलांत भांडणे होत असत. आता प्रत्येकाला मोबाईलवर पाहिलेले एखादे बोलके जनावर व्हायचे असते आणि मोठ्या माणसाची भूमिका कोणावर आलीच, तर ते मूल लगेच पडायला-धडपडायला लागते, कारण त्याने पाहिलेली मोठी माणसे तेवढेच करतात. मुलांसाठी अनेक दशके चाललेल्या कार्यक्रमांत मोठी माणसे पूर्वी कशी असत, ती कधी आणि कशामुळे बदलली, हे मला समजून घ्यायचे आहे. 'गली गली सिम सिम' हा २००६ साली आपल्याकडे आलेला कार्यक्रम मी वर्गात दाखवत असे, म्हणून तो ज्यावरून घेतला त्या 'सेसमी स्ट्रीट'बद्दल कोणी लिहिले तर विशेष उपयोग होईल.

ग्रंथपाल, रत्नागिरी

बाई, एका गल्लीत घडणारा 'सेसमी स्ट्रीट' हा कार्यक्रम नोव्हेंबर १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, आणि त्यात मोठ्या माणसांचे स्थान काय असावे हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच होता. बाहुल्या आणि खरी माणसे एकत्र दाखवली तर मुलांचा गोंधळ होईल, असा तज्ज्ञांचा सल्ला असल्यामुळे आधी दोन्ही वेगळी ठेवली होती. परंतु प्रसारणापूर्वी फिलाडेल्फियात चाचणीचे भाग दाखवले, तेव्हा गल्लीत नुसती मोठी माणसे बोलू लागली की मुलांचे लक्ष उडते, असे आढळले. म्हणून बिग बर्ड (लहान मुलासारखा वागणारा मोठा पक्षी) आणि ऑस्कर या बाहुल्या त्या गल्लीत आणल्या गेल्या. म्हणजे मुले मोठ्यांकडे पाहत नाहीत हे निर्मात्यांना तेव्हाही माहीत होते, तरीही त्यांनी मोठ्यांना काढले नाही, तर त्यांच्या शेजारी बाहुली उभी केली. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

ती माणसे त्या गल्लीत राहत होती आणि त्यांना कामधंदा होता. हूपर दुकान चालवीत, गॉर्डन शिक्षक होता, आणि त्याची पत्नी सुझन सुरुवातीला केवळ गृहिणी दाखवल्याबद्दल स्त्रियांच्या संघटनांनी टीका केल्यानंतर ती परिचारिका म्हणून काम करू लागली. मारिया १९७१ मध्ये आली, १९८८ मध्ये तिचे लुईसशी लग्न झाले, १९८९ मध्ये त्यांना मुलगी झाली, आणि ती भूमिका करणाऱ्या सोनिया मॅन्झानो २०१५ मध्ये निवृत्त झाल्या. एकच बाई तरुणपणापासून पोक्तपणापर्यंत पडद्यावर दिसत राहणे, हे आजच्या कोणत्या बालकार्यक्रमात घडते?

वागण्यातला एक बदल मात्र चांगल्यासाठी झाला. बिग बर्डचा मित्र स्नफी मोठ्यांना कधीच दिसत नसे, आणि तो काल्पनिकच आहे असे ते समजत. मोठी माणसे आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत असे मुलांच्या मनावर ठसले, तर अत्याचार झालेले मूल गप्पच राहील, या काळजीने १९८५ मध्ये स्नफी सर्वांना दिसू लागला.

पुढे १९९८ मध्ये 'एल्मोज् वर्ल्ड' हा भाग जोडला गेला. त्यात एल्मो ही बाहुली मध्यभागी असते, आणि मिस्टर नूडल नावाचा मोठा माणूस साध्या गोष्टींतही चुकतो. २०१६ पासून नवे भाग तासाऐवजी अर्ध्या तासाचे झाले, आणि त्याच वर्षी बॉब, गॉर्डन व लुईस ही जुनी पात्रे नियमित संचातून गेल्याचे प्रेक्षकांना कळले, तेव्हा अनेकांनी नाराजी व्यक्त केली. आपल्या वर्गात दिसणारे धडपडणे या बदलाशी जुळते.

निवृत्त मुख्याध्यापक, वेंगुर्ला

ग्रंथपालांनी दिलेल्या माहितीशी मी सहमत आहे, पण नूडलबद्दलच्या मताशी नाही. ज्या मुलाला घरात, शाळेत आणि देवळात दिवसभर 'तुला कळत नाही' असेच ऐकावे लागते, त्याला पडद्यावरच्या मोठ्या माणसाची चूक दिसते आणि ती ओरडून सुधारता येते, यात त्याचे शिक्षणच आहे. वर्गात मी मुद्दाम फळ्यावर चुकीचे उत्तर लिहीत असे, आणि एरवी तोंड न उघडणारी मुले तेव्हा बोलत. आक्षेप घ्यायचा तर तो मोठा माणूस चुकतो यावर नव्हे, तर त्याच्या शेजारी न चुकणारा दुसरा कोणी उरला नाही यावर घ्यावा.

एक आई, गुहागर

मला हूपर यांच्याबद्दल लिहायचे आहे. ती भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. दुकानदार दूर कुठे राहायला गेला असे सांगून वेळ मारून नेता आली असती, पण नोव्हेंबर १९८३ मध्ये प्रसारित झालेल्या भागात गल्लीतल्या सगळ्या मोठ्यांनी बिग बर्डला सांगितले की हूपर मरण पावले आहेत आणि ते परत येणार नाहीत. त्याने त्यांच्यासाठी चित्र काढून आणले होते.

माझे सासरे गेले तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता, आणि घरातल्यांनी त्याला 'आजोबा मुंबईला गेले' असे सांगितले. आमच्या वाडीतली निम्मी घरे बंद असतात आणि मुंबईला गेलेले माणूस गणपतीला परत येते, हे त्याला पक्के ठाऊक होते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो सकाळपासून एसटीच्या थांब्यावर जाऊन बसला. त्या संध्याकाळी मी त्याला खरे सांगितले, आणि इतके दिवस त्याला वाट पाहायला लावल्याचे दुःख मला आजही आहे. मुलाच्या ओळखीच्या मोठ्या माणसांनी, स्वतःचे डोळे भरलेले असताना, त्याच्यासमोर उभे राहून खरे बोलणे, हे बाहुली एकटी करू शकत नाही.

बालवाडी शिक्षिका, मालवण

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. सरांचे म्हणणे मला पटले. सोमवारपासून वर्गाच्या कोपऱ्यात खोक्यांचे दुकान मांडणार आहे, आणि पहिला आठवडा गल्ल्यावर मी स्वतः बसून न चुकणारा वाणी होणार आहे. ग्रंथपालांना एकच विचारते, हूपर यांच्यानंतर ते दुकान बंद झाले का?

ग्रंथपाल, रत्नागिरी

नाही, बाई. आधी तिथेच काम करणाऱ्या डेव्हिडने ते सांभाळले, पुढे इतर आले, आणि १९९८ पासून ॲलन ते चालवतो. दुकानाचे नाव अजून हूपर यांचेच आहे.