मदत हवी आहे: पेनड्राइव्हवरच्या ऑटोकॅडमध्ये फाइल उघडत नाहीये

रेघोटी
पेनड्राइव्हवर पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं ऑटोकॅड (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) आहे. दोन महिने नीट चाललं. आज फाइल उघडली की 'ड्रॉइंग फाइल इज नॉट व्हॅलिड' येतंय. रिकव्हर करून पाहिलं, तेच. उद्या ११ वाजता नगरपालिकेत नकाशा द्यायचाय. लवकर सांगा प्लीज!

तिरपी पट्टी
व्हर्जन कोणतं? फाइल कुणी दिली?

कोल्हापूरकर
ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी पोर्टेबल ऑटोकॅड काढतच नाही. जे फिरतं ते कुणीतरी क्रॅक करून बांधलेलं असतं. काढून टाका. मी कधीच लिब्रेकॅड या फुकट सॉफ्टवेअरवर आलो.

तिरपी पट्टी
अहो, लिब्रेकॅडचा भर डीएक्सएफ या दुसऱ्या फाइल प्रकारावर. रेघोटीकडे ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल आहे आणि हातात एक रात्र.

कोल्हापूरकर
म्हणून चोरीचं वापरायचं? विद्यार्थ्यांना तर अस्सल फुकट मिळतं.

रेघोटी
मी विद्यार्थी नाही, नोकरी करते. व्हर्जन २००८. फाइल सरांनी ऑफिसमधून मेल केली.

तिरपी पट्टी
मग फाइल बिघडलेली नाही. सरांचं ऑटोकॅड नवं असणार, फाइल २०१८ फॉरमॅटची. २००८ ला २००७ च्या पुढचा फॉरमॅट वाचता येत नाही. सरांना 'सेव्ह ॲज'मध्ये २००७ निवडायला सांगा. नाहीतर ऑटोडेस्कचंच फुकट ट्रूव्ह्यू घ्या, त्यात जुन्या फॉरमॅटमध्ये बदलता येतं.
आणि हे चालवताना अँटिव्हायरस बंद केला होता का?

रेघोटी
हो, त्याशिवाय सुरूच होत नव्हतं.

तिरपी पट्टी
ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये acaddoc.lsp नाही ना, म्हणजे 'एकॅडडॉक' नावाची एलएसपी फाइल? तुम्ही बनवली नसेल तर धोका आहे. प्रत्येक ड्रॉइंग उघडताना ती आपोआप चालते. २०१२ मध्ये पेरूत असल्याच लिस्पच्या (ऑटोकॅडच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची भाषा) व्हायरसने लोकांची ड्रॉइंग्ज परस्पर चीनमधल्या मेलवर पाठवली होती. अनोळखी लिस्प अडवणारी 'सिक्युअरलोड' ही सोय ऑटोकॅड २०१४ पासून आली, तुमच्या २००८ मध्ये ती नाही.

रेघोटी
सरांनी २००७ फॉरमॅटमध्ये पाठवली, उघडली! पण ती एलएसपी फाइल पाच फोल्डरमध्ये सापडली. हाच पेनड्राइव्ह मी ऑफिसच्या पीसीलाही लावते. सगळ्या क्लायंटचे नकाशे तिथेच आहेत. सरांना उद्या नकाशा दिल्यावर सांगू का?

तिरपी पट्टी
आत्ता फोन करा. सकाळी कुणी तिथलं ड्रॉइंग उघडायच्या आत.