गणित अडलं की मुलगी रडकुंडीला येते

प्रश्न (ऐरोली):
मुलगी आठवीत आहे. बुद्धिबळाच्या ८ बाय ८ पटाचे समोरासमोरचे, कर्णावरचे दोन कोपरे कापले. उरलेली ६२ घरं दोन-दोन घरांच्या ३१ पट्ट्यांनी झाकता येतील का? संध्याकाळपासून मांडतेय, आता वही फेकलीय. उत्तर सांगून टाकू का?

उत्तर (नौपाडा, ठाणे):
ताई, कृपा करून सांगू नका. मी शिकवण्या घेतो, आणि अडलेल्या मुलाला आधी गणित लहान करायला लावतो. तिला २ बाय २ चा पट द्या. कोपरे कापले की दोनच घरं उरतात, तिरकी. पट्टी बसतच नाही! मग एवढंच विचारा, त्या दोन घरांचा रंग कोणता? पुढचं ती शोधेल. तो आनंद तिच्या हक्काचा आहे, आपण हिरावून घ्यायचा नाही.

उत्तर (वाशी):
आधी जेवू द्या. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी शतकानुशतकं न सुटलेल्या फर्मा प्रमेयाची सिद्धता दिली, तिच्यातही १९९३ मध्ये त्रुटी निघाली होती, ती भरून निघायला सप्टेंबर १९९४ उजाडला.

प्रश्नकर्ती:
सर, आत्ता ओरडली, "आई, पांढरी ३२, काळी ३०! आणि पट्टी प्रत्येक रंगाचं एकेकच घर झाकते!" जेवण बाजूलाच, आता १० बाय १० चा पट आखतेय.