ओल्ड स्कूल रुनस्केप: पहिलंच खातं आयर्नमॅन करावं का?

कुळागर

पाऊस लागला की गोव्यात नवीन पोरं या ऑनलाइन गेममध्ये येतात आणि एकच प्रश्न येतो: ट्युटोरियल आयलंडवर तो आयर्नमॅनवाला माणूस उभा आहे, त्याला हो म्हणायचं की नाही? माझं मत स्पष्ट आहे. हो म्हणा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयर्नमॅन म्हणजे दुसऱ्या खेळाडूशी देवघेव बंद, ग्रँड एक्स्चेंज (जीई, खेळाडूंचा बाजार) बंद, दुसऱ्याचा पडलेला माल उचलणं बंद. लागेल ते स्वतः मिळवायचं, बनवायचं किंवा गेममधल्या दुकानातून घ्यायचं.

पहिलं कारण अगदी कोरडं आहे. आयर्नमॅनचा मेन, म्हणजे बंधनं नसलेलं साधं खातं, करता येतो, मेनचा आयर्नमॅन कधीच होत नाही. तिथे हो म्हटलं तर दोन्ही वाटा शाबूत राहतात.

दुसरं कारण मोठं. प्रेयर पोशनचंच घ्या, प्रार्थनेची शक्ती भरून काढणारं औषध. मेन खेळाडू जीईवर जातो, आकडा टाकतो, पोशन हातात. ती कशाची बनते हे त्याला वर्षभर कळत नाही. आयर्नला आधी ड्रुइडिक रिच्युअल क्वेस्ट (गोष्टीतली कामगिरी) करावी लागते, त्याशिवाय हर्बलोर हे पोशन बनवायचं स्किल सुरूच होत नाही. मग फार्मिंग लेव्हल 32, कारण पोशनला लागणाऱ्या रनार वनस्पतीचं बी त्याखाली लावता येत नाही. बी हवं तर थीव्हिंग 38 करून मास्टर फार्मरचे खिसे कापा. लावलं की 80 मिनिटांत पीक तयार, पण कंपोस्ट न घालता लावलं तर रोग पडून वाफा मरू शकतो आणि बी फुकट जातं. मग दुसरा घटक, स्नेप ग्रास: क्राफ्टिंग गिल्डच्या पश्चिमेला हॉबगॉब्लिनांच्या किनाऱ्यावर किंवा वॉटरबर्थ बेटावर. शेवटी हर्बलोर 38. एका पोशनसाठी तीन स्किल आणि निम्मा नकाशा पायाखालून जातो. गेम म्हणजे हेच तर आहे!

तिसरं: आयर्नला ट्रेडमध्ये कोणी फसवू शकत नाही. ट्रेडच नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचं खातं असेल तर हे एक कारणसुद्धा पुरेसं आहे.

म्हापशेकर

कुळागरबाब, जीई बंद करून नवशिक्याला हा गेम दाखवायचा म्हणजे शुक्रवारचा बाजार बंद ठेवून म्हापसा दाखवायचा. हा गेम लोकांचा आहे. भाव का चढले, नवीन बॉस आल्यावर कोणती वस्तू पडेल, कशाचा साठा करावा, हे अर्धं शहाणपण त्या बाजारात आहे. मेंबरला (पैसे भरून खेळणाऱ्याला) एका वेळी आठ सौद्यांचे खाने, फ्रीवाल्याला तीन, आणि प्रत्येक वस्तूला चार तासांची खरेदीमर्यादा. यात डोकं लागतं.

तुमचं पोशनचं उदाहरण गोड आहे. आता मी कडू देतो: कन्स्ट्रक्शन, घर बांधायचं स्किल. लेव्हल 33 ते 50, ओक लार्डर (लाकडी फडताळं) बांधत. एका लार्डरला 8 ओक फळ्या, 480 एक्सपी (अनुभवाचे गुण). 33 ला 18,247 एक्सपी, 50 ला 1,01,333. मधलं अंतर 83,086. म्हणजे 174 लार्डर, 1,392 फळ्या. मेन त्या विकत घेतो आणि एका संध्याकाळी मोकळा होतो. आयर्नने 1,392 ओंडके तोडायचे, सॉमिलवाल्याला फळीमागे 250 नाणी द्यायची (3,48,000 झाली), आणि नाण्यांसाठी एक खाना सोडून 27 ओंडके एका वेळी असं धरलं तर 52 फेऱ्या. नवशिक्याजवळ तेव्हा साडेतीन लाख नाणी नसतात, धावायला एनर्जी नसते, टेलिपोर्ट नसतात. यातून तो नेमकं काय शिकतो? लाकूड जड असतं हे?

प्रेयरचंही तसंच, ते हाडं पुरून किंवा वेदीवर वाहून वाढतं. 43 ला 50,339 एक्सपी लागतात आणि प्रोटेक्ट फ्रॉम मेली (जवळच्या हल्ल्यापासून वाचवणारी प्रार्थना) तिथेच मिळते. मेनने 200 ड्रॅगन बोन्स घ्यावीत, रिमिंग्टन गावात फियाल्सकडून नोटेतून (बॅगेत एकाच खान्यात मावणाऱ्या चिठ्ठीतून) काढावीत, दुसऱ्याच्या घरातल्या गिल्डेड ऑल्टर या वेदीवर दोन्ही धूपदाण्या पेटलेल्या असताना वाहावीत: एका हाडाला 252 एक्सपी, काम संपलं.

आणि पैशाचं कोणी बोलतच नाही. मेनला जीईवर नाणी देऊन बॉण्ड घेता येतो, एका बॉण्डची 14 दिवस मेंबरशिप. आयर्नला तो जीईवर मिळत नाही. म्हणजे कायमचे खिशातले रुपये. कॉलेजच्या पोराला हे आधी सांगा, मग बाकीचं तत्त्वज्ञान.

कुळागर

बॉण्डचा मुद्दा खरा आहे, लपवत नाही. पण बॉण्डचा भाव एक कोटी नाण्यांच्या वर असतो. 14 ने भागा: रोज सात लाखांहून जास्त. नवशिका तेवढं कमवायला बसला तर खेळणार कधी? मेंबरशिप फेडण्यासाठी रोज तीच म्हशीसारखी फिरती. त्यापेक्षा दोन महिने मेंबर राहा, परीक्षेच्या महिन्यांत बंद ठेवा. खातं कुठे जात नाही.

आणि लार्डर कोण सांगतं आयर्नला? महोगनी होम्स (लोकांची घरं दुरुस्त करायची कामं) करा. लेव्हल 20 पासून ओकची कामं मिळतात, त्याच फळ्यांत बऱ्याच जास्त एक्सपी. हळू आहे, पण ओंडके तेवढे तोडावे लागत नाहीत. मिळालेल्या पॉइंटांतून प्लँक सॅक घ्या, 28 फळ्या जास्तीच्या मावतात. प्रेयरला एक्टोफंटस, हाडं वाहायची दुसरी जागा: हाडाच्या चौपट एक्सपी, म्हणजे गिल्डेड ऑल्टरपेक्षाही जास्त. साधी बिग बोन्स 15 ची, तिथे 60. 839 हाडांत 43 होतं, आणि द रेस्टलेस घोस्ट क्वेस्टची 1,125 एक्सपी आधीच घेतली तर त्याहून कमी.

अबोलें

तुम्ही दोघेही मोडवर भांडता. नवीन माणूस अडतो तो मोडमुळे नाही, लंब्रिज या सुरुवातीच्या गावातल्या गायी मारत बसतो म्हणून अडतो. मेन असो की आयर्न, पहिल्या आठवड्यात क्वेस्टच कराव्या. वॉटरफॉल क्वेस्ट: अटॅकला 13,750 आणि स्ट्रेंग्थला 13,750. एक लेव्हलवरून दोन्ही थेट 30. कसलीही अट नाही, कोणालाही मारावं लागत नाही.

पण तिथे लोक मरतात, आणि ठरलेल्या जागांवर मरतात. म्हणून क्रम:

आधी विचेस हाऊस करा. हिटपॉइंट्सची (जीवनशक्तीची) 6,325 एक्सपी मिळते, 10 चे 24 होतात. शेवटी चेटकिणीच्या शेडमधला प्राणी चार रूपं घेतो, शेवटचं 53 लेव्हलचं, पण अडोशाला उभं राहून विंड स्ट्राइक मंत्र मारत राहिलं तर तो पोचत नाही. हे केल्याशिवाय वॉटरफॉलला गेलात तर 10 हिटपॉइंट्सवर आत 86 लेव्हलचे फायर जायंट आहेत, एका फटक्यात मेलात की परत लंब्रिज.

मग वॉटरफॉल. सामान: दोर, आणि एअर, वॉटर, अर्थ रून (मंत्राचे दगड) प्रत्येकी 6. आयर्नवाल्यांनी रून व्हॅरॉक शहरातल्या ऑबरीच्या दुकानातून घ्याव्या. राणी ग्लॅरिअलच्या थडग्यात शस्त्र, चिलखत, रून काहीच चालत नाही. सगळं बँकेत टाकून फक्त थडगं उघडणारा खडा आणि खायला घेऊन जा. दोर आधी नदीतल्या खडकावर लावायचा, मग वाळलेल्या झाडावर. विसरलात तर पाणी वाहून नेतं. दार उघडण्याआधी ग्लॅरिअलचं लॉकेट गळ्यात हवं, नाहीतर पुन्हा वाहून जाल. आतल्या खोलीत सहा खांब, प्रत्येकावर तीनही रून एकेक. लॉकेट पुतळ्यावर. शेवटी ग्लॅरिअलचा अस्थिकलश तिथल्या चषकावर वापरायचा. घाईने आधी खजिन्याला हात लावला की पूर येतो आणि बाहेर फेकले जाता. बक्षिसाला बॅगेत पाच जागा ठेवा.

पुढे ट्री नोम व्हिलेज (अटॅक 11,450), फाइट अरेना (अटॅक 12,175), आणि अजिलिटी 25 झाली की द ग्रँड ट्री (अटॅक 18,400). चाळीस अटॅक एकाही गायीला हात न लावता. रुनलाइट या गेम चालवायच्या ॲपमध्ये क्वेस्ट हेल्पर चालू करा, कमीपणा नाही त्यात.

हे सगळं झाल्यावर तुमचा वाद अर्थाचा होतो. आधी नाही.

शेवटची फेरीबोट

मग सरळ हार्डकोअर आयर्नमॅनच का नको? एकच जीव, मेलो तर आपोआप साधा आयर्न. तोटा काय? लाल हेल्मेटची ऐट वेगळीच.

म्हापशेकर

तोटा वीजखात्याला विचार रे. मिरग ते चवथ एवढ्या काळात कुठल्या गावात दुपारी लाईट टिकते? कनेक्शन तुटलं आणि तू लढाईत असलास तर तुझा माणूस लगेच बाहेर पडत नाही. मिनिटभरापर्यंत तिथेच उभा राहून मार खातो. तू अंधारात मेणबत्ती शोधतोस, तो तिकडे मरतो. गेमची कंपनी जेजेक्स गेलेला दर्जा परत देत नाही, कारण काहीही असो.

शेवटची फेरीबोट

रिंग ऑफ लाइफ घालीन की.

म्हापशेकर

ती हिटपॉइंट्स 10 टक्के किंवा खाली आल्यावर तुला लढाईतून उचलून नेते, आणि तुटते. 50 हिटपॉइंट्सवाल्याला 5 किंवा त्याखाली यावं लागेल, पण मरता कामा नये. 12 वर असताना 15 चा फटका बसला तर अंगठीला कामच उरत नाही. लहान फटके मारणाऱ्यांविरुद्ध उपयोगी, बॉसविरुद्ध शोभेची. शिवाय हिऱ्याच्या अंगठीवर तो मंत्र घालायला मॅजिक 57 हवं.

लोक इन्व्हर्टरला लॅपटॉप जोडतात आणि राउटर भिंतीच्या साध्या प्लगवर ठेवतात. आधी राउटर आणि फायबरचा तो छोटा डबा जोडा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. आणि मोबाइलवर खेळत असाल तर लढाई चालू असताना दुसरं ॲप उघडू नका, परत येईतो कनेक्शन गेलेलं असतं.

अबोलें

पिंगबद्दल मात्र उगीच रडतात. गेमचा एक ठोका 0.6 सेकंदाचा. जर्मनी किंवा यूकेच्या वर्ल्डला (सर्व्हरला) इथून दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागले तरी क्लिक त्याच किंवा पुढच्या ठोक्यात पोचतो. फाइट केव्हमधल्या जॅड या बॉससमोर प्रेयर बदलायलाही पुरतं. पुढचे पाय वर धरले की मॅजिक, जमिनीवर आपटले की रेंज; चुकलं तर 97 पर्यंत फटका. नडतं ते पिंग वरखाली होणं. वर्ल्ड निवडताना सगळ्यात कमी आकडा नको, सगळ्यात स्थिर आकडा बघा. आणि फाइट केव्हमध्ये ढग दाटले की लॉगआउट एकदा दाबा: चालू लाट संपली की बाहेर पडता आणि पुढच्या लाटेपासून सुरू करता येतं.

तिस्को

तीन मित्र एकत्र सुरू करणार असतील तर ग्रुप आयर्नमॅन सोडून काही बोलूच नये असं मला वाटतं. 2021 च्या ऑक्टोबरात आला, 2 ते 5 जणांचा गट. आपसात देवघेव चालते, बाहेर नाही. कुळागरांचं शिकणंही होतं आणि म्हापशेकरांचा बाजारही, छोटासा का होईना. एकाने फार्मिंग-हर्बलोर, दुसऱ्याने मासे आणि स्वयंपाक, तिसऱ्याने सॉमिल. म्हापशेकरबाबांच्या 52 फेऱ्या तिघांत वाटल्या की 18 होतात.

बिघडतं ते एकाच ठिकाणी: एकाला सुट्टी, दोघांना कॉलेज. सुट्टीवाला महिन्यात एवढा पुढे जातो की बाकीच्यांना सगळं आयतं मिळतं, आणि मग त्यांना खेळायला कारण उरत नाही. सामायिक कोठारही एका वेळी एकालाच उघडता येतं. आत जाऊन यादी वाचत बसू नका, बाकीचे बाहेर ताटकळतात.

म्हापशेकर

तिस्को, हे पटलं. एकट्या आयर्नपेक्षा शंभरदा बरं.

फसवणुकीचं मात्र पूर्ण पटत नाही. ट्रेड बंद झाला म्हणून चोर थांबत नाहीत. "पैसे दुप्पट करून देतो" हे जीईबाहेर ओरडणारे आयर्नला काही करू शकत नाहीत, खरं. पण वाइल्डरनेसमध्ये, जिथे खेळाडू खेळाडूला मारू शकतो, गोड बोलून नेणारे, खोट्या लॉगिन पानाची लिंक देणारे, हे मोड बघत नाहीत. ऑथेंटिकेटर आणि बँक पिन पहिल्या दिवशी लावा, दोन्ही खात्यांना. आणि मेनवाल्यांनो, बाहेरच्या साइटवरून नाणी विकत घेऊ नका, खात्यावर बंदी येते.

माझी तडजोड ही: आयर्न घ्या, अबोलेंबायच्या क्वेस्ट करा, 43 प्रेयरला पोचा. तिथे कंटाळा आला असेल तर खुशाल डी-आयर्न (आयर्नचा मेन) करा, लाज धरू नका.

कुळागर

43 ला? अहो, तेव्हा तर रस सुरू होतो. निदान रेसिपी फॉर डिझास्टर क्वेस्टपर्यंत थांबा. शेवटच्या भागाला 175 क्वेस्ट पॉइंट लागतात, मग 1,30,000 नाण्यांत बॅरोज ग्लव्ज हे हातमोजे. ते विकत-विक्रीचे नाहीतच, मेनलाही तीच पायपीट. तिथे दोघांची वाट एक होते, आणि ती वाट आयर्नने आधीच निम्मी तुडवलेली असते.

म्हापशेकर

निम्मी तुडवलेली, आणि घरात एक खुर्ची नाही. कन्स्ट्रक्शन अजून लेव्हल 12 वरच.