मूनडॉगवर अभिवाचन बसवतोय: काय चुकू नये?

धागाकर्ता
न्यूयॉर्कच्या फुटपाथवर उभं राहून स्वतःच्या कविता विकणाऱ्या मूनडॉग या संगीतकार-कवीवर वीस मिनिटांचं अभिवाचन आहे. चौघे वाचक, चौघेही गाऊ शकतात. शेवटी त्याच्या द्विपदींवरचा एक कॅनन (एकच ओळ, पण आवाज एकामागून एक ठरल्या अंतराने सुरू होतात) गायचाय. संहितेची सुरुवात सध्या 'शिंगांचं शिरस्त्राण घातलेला बेघर, आंधळा अवलिया' अशी आहे. हे बरोबर आहे का? विचारवंत म्हणून त्याचं नेमकं काय सांगावं? आणि कॅनन कुठे फसतो?

टिपणवही
'बेघर' काढाच. बहुतेक वर्षं त्याच्याकडे राहायला जागा होती, शिवाय न्यूयॉर्क राज्यात कँडर इथे थोडी जमीन होती. सहाव्या अव्हेन्यूवर 54व्या रस्त्याच्या आसपास तो उभा राहायचा ते कामासाठी. ती त्याची पेढी होती.

मूळ नाव लुईस हार्डिन, जन्म 1916, मेरीसव्हिल, कॅन्सस. जन्मांध नव्हे: 1932 मध्ये, सोळाव्या वर्षी, सुरुंगाची टोपी हातात फुटून दृष्टी गेली. 1943 मध्ये न्यूयॉर्कला आला. 1947 पासून मूनडॉग हे नाव लावलं, चंद्राकडे बघून विव्हळणाऱ्या आपल्या जुन्या कुत्र्याच्या आठवणीत. 1974 मध्ये जर्मनीला गेला, 1999 मध्ये म्युन्स्टरला वारला.

1954चा खटला वगळू नका. ॲलन फ्रीड हा रेडिओ निवेदक हेच नाव आपल्या कार्यक्रमाला वापरत होता. रस्त्यावरचा हा माणूस कोर्टात गेला आणि जिंकला. फ्रीडला नाव सोडावं लागलं. 'अवलिया' या शब्दाला याहून चांगलं उत्तर नाही.

उलटा_टाका
पोशाखाबद्दल. आधी तो झगा घालायचा, तेव्हा लोक त्याला ख्रिस्त म्हणू लागले. ते त्याला नको होतं, म्हणून त्याने नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, देवांची वाट धरली. (खऱ्या व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं नव्हती, ती एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराची देणगी. वाचनात 'व्हायकिंगांसारखं' म्हणताना जपा.) कपडे चौकोनी तुकड्यांचे, स्वतःच बेतलेले.

विचारांचं सार सांगायचं तर दिसायला मुक्त, आत कडक शिस्त. काउंटरपॉइंटचे (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटी जुळवण्याचे) नियम तो इतके काटेकोर पाळायचा की बाखच्याही चुका दाखवायचा. लिहायचा ब्रेलमध्ये. ब्रेल स्वरलिपीत एका वेळी एकच ओळ बोटाखाली येते, सगळे आवाज एकाखाली एक 'दिसत' नाहीत. प्रत्येक आवाज वेगळा लिहायचा, मेळ डोक्यात धरायचा आणि मग डोळस माणसाकडून नक्कल करवून घ्यायची. एकाच ओळीतून चार आवाज काढणारा कॅनन त्याला जवळचा का वाटला, याचं एक कारण माझ्या मते इथेच आहे. हा भाग किमान पाच मिनिटं द्या, पोशाखाला एक पुरे.

साडेतीन_मात्रा
कॅननसाठी. त्याच्या बऱ्याच रचना पाच किंवा सात मात्रांच्या. या सरपटत्या चालीला तो सापाची लय म्हणायचा. पाच मात्रा 3+2 अशा मोजा, टाळी पहिलीवर आणि चौथीवर. सातसाठी रूपक तालाची सवय उपयोगी आहे, पण रूपकात समेवर खाली असते. इथे पहिल्या मात्रेवर आघात द्या, नाहीतर प्रवेश करणारा हमखास चुकतो.

क्रम असा ठेवा: दोन दिवस नुसते शब्द टाळीवर. मग चौघांनी एकसुरात. मग दोन आवाज, ते पक्के झाल्यावरच चार. कार्यक्रमातही पहिली दोन आवर्तनं एकसुरातच गा. चारही आवाज सुरू झाले की शब्द कुणालाच कळत नाहीत, आणि इथे कविता कळायलाच हवी.

फसतो तो श्वासावर. ओळ संपली की गाणारा नकळत सहावी मात्रा घालून श्वास घेतो. उपाय: शेवटचं अक्षर अर्धी मात्रा आधी तोडायचं, श्वास त्या जागेत. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक नवा आवाज आधीच्यापेक्षा मोठ्याने येतो आणि लय पळते. गाणाऱ्या चौघांखेरीज आणखी एकाने फक्त ताल धरावा. मूनडॉग स्वतः ट्रिंबा हे आपण बनवलेलं त्रिकोणी तालवाद्य वाजवायचा. तुम्हाला लाकडी खोका आणि खुळखुळा चालेल.

धागाकर्ता
सुरुवात बदलतो, खटल्यापासून उघडतो. संपवायचं कसं? सगळे एकदम थांबले तर तुटल्यासारखं वाटतं.

साडेतीन_मात्रा
एकदम थांबू नका. ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने बाहेर पडा, प्रत्येकाने ठरलेली आवर्तनं पूर्ण करून. चौथा आवाज शेवटची ओळ एकटाच गाईल, तेव्हा शब्द पुन्हा स्वच्छ ऐकू येतात. ताल त्याच्या शेवटच्या अक्षराच्या एक मात्रा आधी थांबवा.