टोकियो : सेन्सोजी, शिबुया, स्कायट्री झालं. आता?

उमाकाकू_सातारा
लेकीकडे निशी-कासाईला तीन महिने आलेय. दाखवायचं ते सगळं दाखवून झालं. आता दोघं ऑफिसात, नात पाळणाघरात आणि मी नवव्या मजल्यावरून समोरच्यांचं धुणं बघत बसते. एकटीने जाता येईल असं काही सांगा. गर्दी चालेल, पर्यटकांची नको. शाकाहारी आहे, डावा गुडघा कुरकुरतो, जपानी 'सुमिमासेन' (माफ करा) म्हणण्यापुरतं. लेक म्हणते मॉलला जा. त्यासाठी विमानात बसले नव्हते.

कासाईकर
काकू, ट्रामने फिरा. मेट्रोच्या तोझाई लाइनने थेट वासेदा, गाडी बदलायची नाही. तिथून थोडं चाललं की त्याच नावाचा ट्रामचा थांबा. एकच डबा असतो. पुढच्या दाराने चढायचं, चढतानाच कार्ड टेकवायचं, कुठेही उतरा भाडं तेच. सगळा मार्ग 12.2 किलोमीटर, 30 थांबे. काही ठिकाणी इतकी घरांच्या मागून जाते की कुंड्या मोजता येतात.

वासेदानंतर तिसऱ्या थांब्यावर उतरा. तिथलं किशिमोजिनचं देऊळ म्हणजे आपल्या हारीतीचं. अजिंठ्याच्या 2 नंबरच्या लेण्यात बसलीय ना, तीच. दुसऱ्यांची पोरं खायची, बुद्धाने तिचंच धाकटं लपवलं तेव्हा ताळ्यावर आली, मग पोरांची राखणदार झाली. इथे तिच्या नावातलं 'राक्षस' हे अक्षर वरची रेघ गाळून लिहितात, शिंग गळून पडलं म्हणून! आवारात 1781 पासूनचं खाऊचं दुकान आहे. नातीची सोय झाली.

परत ट्राम, मग कोशिन्झुका. तिथून सुगामोची बाजारपेठ सुरू होते. तरुण पोरं हाराजुकुला जातात, आज्या इथे. लाल चड्ड्यांचं दुकान दिसेल, दचकू नका, लाल रंग तब्येतीला चांगला मानतात. कोगान्जी देवळात कान्नोनची, म्हणजे करुणेच्या देवतेची, मूर्ती आहे. आपलं जे दुखतं, तो तिचा अवयव ओल्या फडक्याने पुसायचा. गुडघा घेऊन जा. 4, 14, 24 तारखेला जत्रा भरते.

खायला शिओ दाइफुकु : चिकट तांदळाची पारी, आत अझुकीचं (बारीक लाल कडधान्याचं) गोड सारण, किंचित मीठ. सोबा-उदोन या नूडल्सच्या रश्शात मात्र माशाचा अर्क असतोच, समजा. येताना सुगामोहून मिता लाइन, ओतेमाचीला बदलून तोझाई.

मिठाचा_खडा
यानाका कसं विसरलात? 1923 चा भूकंप आणि 1945 ची बॉम्बफेक, दोन्हींतून बऱ्यापैकी वाचलेली वस्ती.

कासाईकर
विसरलो नाही. निप्पोरीहून गेलं की बाजाराच्या तोंडाशीच पायऱ्या. काकूंनी गुडघ्याचं लिहिलंय ते वाचा. शिवाय आता तिथे कॅमेरेच जास्त.

उमाकाकू_सातारा
14 तारखेला जाऊन आले. मूर्तीसमोर रांग होती. माझ्या पुढच्या आजींनी आधी कंबर पुसली, मग खांदा, मग डोकं, मग पुन्हा कंबर. माझा नंबर आला तेव्हा मीही डावा गुडघा पुसला. मागच्या बाई हसून स्वतःच्या उजव्या गुडघ्याकडे बोट दाखवत काहीतरी म्हणाल्या. आम्ही बाकावर बसून दाइफुकु खाल्लं, त्या जपानीत, मी मराठीत.

गुडघा आहे तसाच आहे. 24 ला परत जातेय. लाल मोजे घ्यायचे राहिले, चड्डीचं धाडस नाही.