मदत हवी आहे: मातीच्या जुन्या भिंतीवर चुन्याचा गिलावा धरत नाही

नमस्कार मंडळी. कच्च्या विटांच्या एका जुन्या वास्तूच्या दुरुस्तीत हातभार लावतो आहे. पूर्वी कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. त्याच्या आड ओल कोंडून खालच्या विटांची पार माती झाली. तो सगळा काढून विटा बदलल्या आहेत आणि आता चुनाच लावायचा, हे पक्कं आहे.

कळीचा चुना विरवून काही महिने पाण्याखाली मुरवलेला आहे. त्याचा 1 भाग, चाळलेली खरखरीत वाळू 3 भाग आणि तागाचे बारीक तुकडे. थर बसतो छान, पण काही दिवसांनी ठोकून पाहिलं की पोकळ आवाज येतो. भेगा फारशा नाहीत, म्हणून दोष मिश्रणात नसून पकडीत असावा असं मला वाटतं. माती आणि चुना आपणहून नीट जुळत नाहीत, खाचाखोचांचाच आधार लागतो.

मग भिंतीला तिरप्या खाचा पाडाव्यात, की सांध्यांत दगडाच्या कपच्या बसवाव्यात? शिवाय भिंत किती भिजवायची? जास्त पाणी मारलं तर चिखल होतो. कमी मारलं तर कोरडी माती चुन्यातलं पाणी ओढून घेते, आणि ओलाव्याशिवाय चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होत नाही, भुसभुशीत राहतो.

निवडुंगाचा चिकट रस मिसळून कुणी काम केलं असेल तर प्रमाण नक्की सांगा. जाळी ठोकून सिमेंट मारण्याचा सल्ला मात्र कृपया नको.