लोकल फायबरवर टॉरेंट अडतंय, प्रायव्हसीसाठी सेटिंग काय ठेवायचं?

राजारामपुरी_नववी_गल्ली

राजारामपुरीत केबलवाल्याचं फायबर आहे, १०० एमबीपीएस, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं जोडणारं) लॉगिन. विंडोज ११ वर क्यूबिटटॉरेंट (टॉरेंटचा, म्हणजे फाइलचे तुकडे लोकांकडून थेट घ्यायचा-द्यायचा प्रोग्राम, त्यालाच क्लायंट म्हणतात). उबंटू-डेबियन या लिनक्सचे आयएसओ (इन्स्टॉलच्या फाइली) आणि इंटरनेट आर्काइव्हवरची जुनी स्कॅन केलेली पुस्तकं उतरवायची आणि सीडवर ठेवायची (इतरांना अपलोड करत राहायचं), एवढंच काम. स्पीडटेस्ट पूर्ण येतो, टॉरेंट मात्र ३००-४०० केबीच्या वर सरकत नाही आणि पोर्ट (बाहेरच्यांना आत जोडायचं दार) कायम बंद. ऑपरेटरचं उत्तर, "टॉरेंट वरनंच बंद हाय."

१) खरंच अडवलंय का, हे कसं ओळखायचं?
२) क्लायंटमधलं एन्क्रिप्शन चालू केलं की आयपी (नेटवरचा आपला पत्ता) लपतो का?
३) व्हीपीएन (सगळा डेटा दुसऱ्या सर्व्हरमधून झाकून नेणारी सेवा) घेतला तर लाइट जाऊन आल्यावर पीसी आपोआप चालू होतो, तेव्हा व्हीपीएनच्या आधी टॉरेंट सुरू होऊ नये. काय करायचं?

सीडर_शाहूपुरी

भावा, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, सगळा घोळ तिथंच होतो.

तुला बघणारे दोघं आहेत. एक तुझा ऑपरेटर, त्याला तारेवरून काय जातंय ते दिसतं. दुसरा म्हणजे त्या टॉरेंटवर जोडलेला प्रत्येक जण, त्याला तुझा आयपी आणि तुझ्याकडं कुठले तुकडे आहेत ते दिसतं. क्लायंटमधलं एन्क्रिप्शन फक्त पहिल्यासाठी आहे, तेही कच्चं. पॅकेटचा (डेटाच्या पुडक्याचा) चेहरा बदलतो, पण शेकडो पत्त्यांशी एकाच वेळी चाललेली देवाणघेवाण बघून चांगली यंत्रणा ओळखतेच. दुसऱ्यापासून ते काहीच लपवत नाही. 'अ‍ॅनॉनिमस मोड'चंही तेच. क्लायंटचं नाव आणि आवृत्ती झाकली जाते, आयपी उघडाच राहतो.

आता अडवलंय का ते. उबंटूचा तोच आयएसओ आधी ब्राउझरमधून उतरव, मग टॉरेंटनं. केबल लावून, वायफायवर नको. ब्राउझरला ११-१२ एमबी आणि टॉरेंटला ४०० केबी असेल तर पुढची पायरी: एन्क्रिप्शन 'रिक्वायर' कर. फरक नाही पडला तर व्हीपीएनवरून तोच टॉरेंट लाव. तिथं वेग उसळला म्हणजे ऑपरेटरच दाबतोय.

पण त्याआधी अपलोड मर्यादा बघ. अपलोड 'अमर्याद' ठेवलं की पोचपावत्यासुद्धा रांगेत अडकतात आणि डाउनलोड बसतं. लाइनच्या ८० टक्क्यांवर बांध. अपलोड ५० एमबीपीएस असेल तर क्यूबिटटॉरेंटमध्ये साधारण ४८०० केआयबी. जोडण्याही कमी कर: मूळ सेटिंग एकूण ५००, प्रत्येक टॉरेंटला १००. स्वस्त ओएनटीचं (घरातल्या फायबरच्या डब्याचं) नॅट टेबल, म्हणजे चालू जोडण्यांची यादी, त्यात भरतं आणि घरातल्या सगळ्यांचंच नेट अडकतं. २०० आणि ५० पुरतात. (व्हीपीएन लावला की हा त्रास जातो, कारण ओएनटीला एकच जोडणी दिसते.)

"वरनं बंद" हे उत्तर मात्र ऐकून घेऊ नको. २०१८ मध्ये दूरसंचार विभागानं परवान्यांत नेट न्यूट्रॅलिटीची (सगळ्या डेटाला सारखी वागणूक द्यायची) अट घातली आहे. कायदेशीर मजकूर नुसता टॉरेंटवरून येतोय म्हणून मंद करणं त्यात बसत नाही. लेखी तक्रार दे आणि डॉकेट (तक्रारीचा) नंबर माग.

पंचगंगा_घाट

पोर्ट बंद का, ते आधी बघा. राउटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एक सार्वजनिक आयपी बऱ्याच घरांत वाटलेला, त्यामुळं राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केलं तरी बाहेरून कोणी आत येत नाही. उबंटूला हजारो सीडर, तिथं जाणवणार नाही. पण जुन्या पुस्तकाला एकच सीडर असतो, आणि त्याचंही पोर्ट बंद असेल तर तुमची गाठच पडणं मुश्कील.

सीजीनॅट म्हणजे लपलो, असं समजू नका. वेळ आणि पोर्ट नंबर मिळाला की ऑपरेटर नोंदीतून नेमकं घर काढतो. डिसेंबर २०२१ पासून या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायची अट आहे.

तांबडा_पांढरा_नेट

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बाइंडिंग, म्हणजे क्लायंटला फक्त व्हीपीएनच्या वाटेला बांधणं. व्हीपीएन अ‍ॅपच्या किल स्विचवर (व्हीपीएन तुटला की नेट तोडणारी सोय) एकट्यावर विसंबायचं नाही. लाइट आल्यावर विंडोज उठतं, क्लायंट स्टार्टअपमध्ये असतो, व्हीपीएन अजून लॉगिनच करतोय, आणि तेवढ्या वेळात तुमचा खरा आयपी ट्रॅकरला (फाइल कोणाकडं आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरला) गेलेला असतो. अ‍ॅपनं किल स्विच बूटपासून लावला नसेल तर हे होणारच.

व्हीपीएन चालू ठेवून क्यूबिटटॉरेंटमध्ये टूल्स, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड. 'नेटवर्क इंटरफेस'मध्ये 'एनी इंटरफेस' काढून व्हीपीएनचं अ‍ॅडॉप्टर निवडा. वायरगार्डच्या (व्हीपीएनचा एक प्रकार) मूळ अ‍ॅपमध्ये टनेलला (व्हीपीएनच्या जोडणीला) जे नाव दिलं तेच अ‍ॅडॉप्टरचं नाव असतं. क्लायंट बंद करून परत उघडा. आता टनेल नसेल तर क्लायंटला बाहेर पडायला दारच नाही. व्हीपीएन अ‍ॅप अपडेट झाल्यावर कधी अ‍ॅडॉप्टरचं नाव बदलतं आणि सगळं 'स्टॉल्ड' होतं. अशा वेळी घाईत परत 'एनी' करू नका, नवं नाव निवडा.

तपासणी: आयपीलीक डॉट नेटवर टॉरेंटसाठी वेगळा मॅग्नेट (टॉरेंटची लिंक) मिळतो. तो क्लायंटमध्ये टाका, पानावर फक्त व्हीपीएनचा आयपी यायला हवा. मग टनेल मुद्दाम तोडा, वेग शून्य झाला पाहिजे. ऑपरेटर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) देत असेल आणि व्हीपीएन फक्त व्ही४ (जुन्या पद्धतीचा) नेत असेल तर ब्राउझरमधून व्ही६ चा पत्ता गळतो. अ‍ॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये (व्हीपीएनच्या नव्हे, नेहमीच्या इथरनेट-वायफायच्या) व्ही६ ची खूण काढा.

व्हीपीएन निवडताना पोर्ट फॉरवर्डिंग आहे का बघा. मुलवाडनं २०२३ मध्ये ते बंद केलं. प्रोटॉन आणि एअरव्हीपीएनकडं आहे. प्रोटॉनमध्ये पुन्हा जोडल्यावर पोर्ट बदलू शकतो, तो आकडा क्लायंटच्या 'लिसनिंग पोर्ट'मध्ये भरावा लागतो. क्लायंटमधलं यूपीएनपी (राउटरला आपोआप पोर्ट उघडायला सांगणारी सोय) बंद करा, राउटरला विचारून उपयोग नाही.

भारतातला सर्व्हर नको. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे, त्यामुळं नॉर्ड, एक्स्प्रेस, सर्फशार्क यांनी इथले सर्व्हर काढले. सिंगापूर जवळ पडतं. फुकट व्हीपीएनच्या नादाला लागू नका.

राजारामपुरी_नववी_गल्ली

बाइंडिंग केलं, मॅग्नेटच्या तपासणीत व्हीपीएनचाच आयपी येतोय. पण वायरगार्डवर हँडशेक (सर्व्हरशी पहिली ओळख) होतो, लहान पानं उघडतात, मोठी फाइल सुरू झाली की अडकते. टॉरचा (ओळख लपवणाऱ्या नेटवर्कचा) प्रॉक्सी लावून बघू का?

तांबडा_पांढरा_नेट

टॉर अजिबात नको. ते यूडीपी (पोच न घेता पॅकेट पाठवायची पद्धत) नेत नाही, त्यामुळं डीएचटी (ट्रॅकरशिवाय जोडीदार शोधायची सोय) आणि यूडीपी ट्रॅकर बाहेरून जाऊ शकतात. शिवाय काही क्लायंट स्वतःचा आयपी ट्रॅकरला आतल्या मजकुरातच लिहून देतात. टॉर प्रोजेक्टनं २०१० मध्येच नको म्हणून सांगितलंय, आणि त्या नेटवर्कवर उगाच भार.

तुमचा घोळ एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) दिसतो. पीपीपीओईत १४९२ बाइट जातात. वायरगार्ड मूळचा १४२० वर असतो. सर्व्हरशी आयपीव्ही६ वरून जोडणी झाली तर वर ८० बाइटचं वेष्टण चढतं, म्हणजे १५००, आणि मोठं पॅकेट वाटेत पडतं. लहान पॅकेट जातात म्हणून हँडशेक ठीक दिसतो. कॉन्फिग फाइलच्या इंटरफेस भागात एमटीयू १४१२ लिहा. तरी अडलं तर १३८०, शेवटी १२८०.

सीडर_शाहूपुरी

आर्काइव्हचं एक. तिथला टॉरेंट ९९ टक्क्यांवर अडकला तर नेटला शिव्या देऊ नको. आयटममधली मेटा एक्सएमएल फाइल नंतर बदलते आणि हॅश (फाइलचा ठसा) जुळत नाही. कंटेंट टॅबमध्ये एक्सएमएल आणि एसक्यूलाइटच्या फाइलींवरची खूण काढ, पुस्तकाची पीडीएफ पूर्ण होते.

आणि सीडवर चोवीस तास ठेवणार असशील तर प्लॅनचा एफयूपी (डेटाची मर्यादा) बघ, अपलोड त्यात धरतात का तेही विचार. ५ एमबीनं दिवसभर अपलोड म्हणजे ४३२ जीबी. ३३०० जीबीचा प्लॅन आठ दिवसांत संपतो.

पंचगंगा_घाट

नवीन वाचणाऱ्यांसाठी: हे सगळं लिनक्स, आर्काइव्ह असल्या मालासाठी. नवा सिनेमा उतरवून वाटणं व्हीपीएनमागून केलं तरी कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्येच येतं, सहा महिने ते तीन वर्षं कैद. त्या लिंका इथं टाकू नका.